हाक मारायची रीत

आमच्या कंपनीतल्या काकांच्या व्हिजिटिंग कार्डावर फक्त त्यांचं नाव छापलेलं होतं. हुद्दा, पत्ता, फोन नंबर या सगळ्या जागा कोऱ्या. कुणी कार्ड मागितलं की ते शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढायचे आणि समोरच्याच्या देखत उरलेलं सगळं हाताने लिहून द्यायचे. तोवर समोरचा बिचारा हात पुढे करून अवघडून उभा. ‘‘काका, सरळ छापून का नाही घेत?’’ असं मी एकदा न राहवून विचारलं.

‘‘नाव बदलणार नाही. बाकी सगळं बदलतं,’’ ते म्हणाले. ‘‘आमची भांडुपची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. पुढची तीन वर्षं भाड्याने खंय ऱ्हवणार, देवाक ठाऊक. मग पत्ता छापू कित्याक?’’

त्यांच्या खिशात एक शाईचं पेन आणि एक पेन्सिल कायम शेजारी शेजारी असायची. कायमच्या गोष्टी शाईने, बदलणाऱ्या पेन्सिलीने. डायरीत बायकोचं नाव शाईने, रक्तगट शाईने, बीपीच्या गोळीचं नाव पेन्सिलीने. आमच्या शेठचं नावही पेन्सिलीने लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेठला हे कुणी सांगितलं नाही म्हणून बरं.

साकीनाक्याला एका गाळ्यात आमची कंपनी होती. डावीकडे पत्रा कापायचा कारखाना, उजवीकडे रबराचे वॉशर, आणि मध्ये आम्ही, पाकिटं भरायची मशिनं बनवणारे. शेव, पापडी, गाठ्या वजन करून पिशवीत सोडायच्या आणि पिशवी बंद करायची, एवढंच त्या मशिनचं काम. मशिनच्या पोटात जो कॉम्प्युटर असतो त्याचा प्रोग्रॅम काका लिहायचे. मी मुलुंडहून नवी डिग्री आणि नवी सँडल घालून पहिल्या नोकरीला तिथे आले, तेव्हा मला वाटायचं की आता या म्हाताऱ्याला आपणच दोन गोष्टी शिकवायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. ते मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘असस गो?’’

म्हणजे मालवणीत, आहेस का? मला वाटलं, नजर अधू असेल. ‘‘समोरच बसलेय ना काका.’’

‘‘असशील. पण विचारूक होया.’’

मग कळलं की हे रोजचंच. कुणालाही काही सांगायच्या आधी ते तो माणूस आहे का हे त्यालाच विचारायचे. उडप्याकडे गेलो की वेटरला आधी ‘‘इडली आहे?’’, तो हो म्हणाला की मगच ‘‘दोन प्लेट, सांबार वेगळं.’’ फोनवर तर ऐकत राहावं असं: ‘‘कोण बोलतंय? हां. मी तुम्हाला दोन गोष्टी सांगणार, एक विचारणार. पहिली...’’ काम झालं की ‘‘मिळालं’’ म्हणून फोन खाली. मी त्यांची नक्कल करून गाळ्यातल्या सगळ्यांना हसवायचे. ही सगळी त्यांच्या प्रोग्रॅमची रीत आहे आणि ती अंगात मुरलीय, हे मला कळायला जमिनीवर शेव सांडावी लागली.

त्याचं असं झालं. काकांचा मूळ प्रोग्रॅम सी प्लस प्लस या भाषेत होता. हा प्रोग्रॅम आधी बांधावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला थेट समजेल अशा रूपात घट्ट करून ठेवावा लागतो. तो वाऱ्यासारखा चालतो, पण त्यातलं एक अक्षर बदलायचं तर मशिन बंद करा, पुन्हा बांधा, पुन्हा भरा, पुन्हा चालू करा. अर्धा तास मोडला. काकांनी त्याच्या बाजूला एक साधी फाईल ठेवली होती. तिच्यात छोटी छोटी फंक्शनं, म्हणजे नाव दिलेले हिशेबाचे तुकडे, प्रत्येक पदार्थाचं एक. अशा फाईलला स्क्रिप्ट म्हणतात, ती बांधावी लागत नाही. नोटपॅडमध्ये उघडा, बदला, सेव्ह करा, झालं. पिशवी समोर आली की मूळ प्रोग्रॅम स्क्रिप्टमधल्या फंक्शनला नावाने हाक मारायचा, ‘‘पापडी, आत्ता इतके ग्रॅम पडलेत, झडप किती उघडू?’’ पापडी उत्तर द्यायची. तेवढी झडप उघडायची.

आणि हाक मारायच्या आधी प्रोग्रॅम विचारायचा, पापडी नावाचं कुणी आहे का? ती ओळ मला उगाच वेळखाऊ वाटली. मी काढून टाकली. त्याच आठवड्यात फाईलमधलं शेवेचं नाव मला गावठी वाटलं म्हणून तेही ‘सुधारलं’. प्रोग्रॅमने जुन्या नावाने हाक मारली, तिकडे कुणीच नाही, आणि उत्तराच्या जागी कसलातरी कचरा उचलून त्याने झडप उघडली ती उघडीच. पाच किलो शेव गाळ्यात पसरली. रबरवाल्यांची मांजरं दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला होती.

काका ओरडले नाहीत. केरसुणी माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘‘असस गो?’’

‘‘आहे,’’ मी मान खाली घालून म्हटलं.

‘‘मग झाड.’’

तर हा त्यांचा ध्यास होता. बदलणारं बाहेर, न बदलणारं आत. पण खरी गोम पुढे होती. त्यांना ती बाहेरची फाईल स्वतः लिहायची नव्हती, मलाही लिहू द्यायची नव्हती. जिच्या हाताखालून पापडी जाते तिने ती लिहावी, असं त्यांचं म्हणणं. ‘‘पापडी कशी पडते ते तुका ठाऊक असा? माका? मग आपण कित्याक लिवायचां?’’

शेठला हे खूळ वाटायचं. ‘‘काका, ऑपरेटरच्या हातात प्रोग्रॅम द्यायचा? वाट लागेल ना आपली! सगळं आत टाका आणि सील करा.’’ काका चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी शेठकडे एकच मागणं मागितलं, घाटकोपरच्या फरसाण कारखान्यात मशिन जातंय, तिथे ही फाईल तिथल्या ऑपरेटरच्या हातची ठेवून चाचणी करू द्या. शेठने अट घातली. मशिन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा न थांबता चाललं तर फाईल राहील, त्या मशिनवर आणि पुढच्या प्रत्येक मशिनवर. थांबलं तर स्क्रिप्ट कायमची बाद. काकांची दहा वर्षं त्यात होती. त्यांनी ती अट डायरीत शाईने लिहून घेतली.

त्या कारखान्यातल्या ऑपरेटर म्हणजे कुंदाताई. दहावी झालेल्या, वीसेक वर्षं हाताने पाकिटं भरलेल्या. चमचाभर पापडी हातात घेऊन ‘‘आज मोहन जास्त पडलंय, तुटणार ही’’ असं सांगायच्या आणि खरंच तुटायची. काकांना त्या पहिल्या भेटीतच पटल्या. टायपिंग एका बोटाने. फंक्शनांची नावं मराठीच, इंग्रजी अक्षरांत. मी नाक मुरडलं, काका खूष.

कुंदाताईंना हे फंक्शन प्रकरण समजवायला काकांनी वाटीचा दाखला दिला. मीही तिथेच होते. ‘‘शेजारणीकडे साखर मागायला वाटी घेऊन जातो की नाही आपण? आधी घरात आहे का बघायचं. नावाने हाक मारायची. काय हवं ते सांगायचं, थांबायचं. ती वाटीत घालून देईल ते घरी आणायचं. प्रोग्रॅम तुमच्या दारात वाटी घेऊन येणार, कुंदाताई. तुम्ही उत्तर वाटीत घालायचं.’’

कुंदाताईंनी मान डोलावली. आणि त्यांनी काय केलं असेल? आपल्याकडे जे कोणतीही गृहिणी करेल तेच केलं. दारात वाटी आली तर नुसतं मागितलेलं घालून कुणी पाठवतं का? त्यांच्या फंक्शनांनी झडप किती उघडायची हे उत्तर दिलंच, आणि वर आपणहून आणखी एक आकडा घातला, या पाकिटात चुरा साधारण किती असेल त्याचा अंदाज. काकांनी ते वाचलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘‘बघ गो! आपण मागितला नाय, तरी दिला! जितकां देतत तितकां घे. देणाऱ्याचो हात धरू नको.’’

मग मी मूळ प्रोग्रॅममध्ये बदल केला. फंक्शन जितकी उत्तरं देईल तितकी स्वीकारायची. काकांनी तो बदल नजरेखालून घातला, म्हणाले, ‘‘बरां.’’ गाळ्यात आमची जुनीच फाईल लावून दिवसभर चालवून पाहिलं. लोण्यासारखं चाललं.

चाचणीच्या दिवशी घाटकोपरला मशिन नऊ वाजता सुरू झालं. पाकिटं धडाधड पडत होती. जेवणाची सुट्टी झाली, मशिन चालूच. शेठ स्वतः येऊन उभे. तीनला पाच मिनिटं असताना खट् आवाज झाला आणि सगळं थांबलं. पापडी अर्धी पिशवीत, अर्धी हवेत असल्यासारखं वाटलं मला. पुन्हा सुरू केलं तर चाललं, पण अट मोडली होती.

शेठ माझ्याकडे वळले. ‘‘काय झालं?’’

आणि मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे दिवसभर चाललं होतं, सर. इथे यांची फाईल आहे. फाईलमध्येच काहीतरी असणार.’’

कुंदाताई हातमोजे काढून घडी करत राहिल्या.

‘‘झालं?’’ शेठ काकांना म्हणाले. ‘‘मी सांगत होतो ना. काढा ती फाईल.’’

काका म्हणाले, ‘‘परवा परत चाचणी घ्या. एकच. परत थांबला तर मी स्वतः काढतो.’’ शेठ कुरकुरले, पण तयार झाले. फरसाणवाल्यांना मशिन हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यात काकांनी मला समोर बसवलं. ‘‘हाक कुणी मारली?’’

‘‘प्रोग्रॅमने.’’

‘‘ती ओळ कुणी लिहिली?’’

‘‘मी.’’

‘‘मग दिलेलं उचलायचं कुणी?’’

काकांनी कुंदाताईंची फाईल लावली आणि म्हणाले, ‘‘मांडणी दाखव.’’ मांडणी हा त्यांचा शब्द. प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट यांच्यामध्ये एक जागा असते, तिथे ताटांवर ताट ठेवावं तसं देणं-घेणं एकावर एक रचलं जातं. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात. हाकेचं काम संपलं की ही मांडणी होती तशी रिकामी व्हायला हवी. मी दर हाकेनंतर तिच्यावर किती ताटं उरली तो आकडा स्क्रीनवर छापायला लावला आणि मशिन चालू केलं.

एक. दोन. तीन. चार. पाच.

मी खुर्चीतून उडालेच. ‘‘काका! वाढतंय! काका, वाढतंय हे!’’

सगळं लख्ख दिसलं. कुंदाताई दोन गोष्टी देत होत्या. मी दोन्ही घेत होते, वापरत एक होते आणि उचलतही एकच होते. दुसरी तिथेच राहत होती, दर पाकिटामागे एक. आमच्या जुन्या फाईलमध्ये फंक्शनं एकेकच उत्तर द्यायची म्हणून गाळ्यात काही कळलं नाही. तिकडे हजारो पाकिटं झाली, मांडणी छतापर्यंत भरली आणि पुढचं ताट ठेवायला जागा नाही म्हणून सगळं ठप्प. कुंदाताईंच्या फाईलमध्ये काडीची चूक नव्हती.

‘‘मीपण बघितलेलंय ता,’’ काका म्हणाले. ‘‘घे म्हणालो, ठेव खंय ता सांगलंय नाय.’’ आणि एवढे हसले की रबरवाले डोकावून गेले. मला हसू येईना. मी घाटकोपरला फोन लावला, कुंदाताईंना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी दोन देऊ नको का आता?’’

काकांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढलाच. ‘‘दोनच द्यायचे! कमी करायचं नाय काय! आम्ही उचलू!’’

दुरुस्ती एका ओळीची होती. ती त्यांनी मलाच लिहायला लावली. वर त्या दुसऱ्या आकड्यासाठी स्क्रीनवर एक चौकट केली, ‘चुरा’ नावाची. आमच्या दुर्लक्षामुळे जो आकडा अडगळ झाला होता, तो आता दर पाकिटाला झळकू लागला.

परवाचा दिवस उजाडला. नऊला मशिन सुरू. मी कोपऱ्यातला मांडणीचा आकडा सोडून कुठे बघतच नव्हते. शून्य. शून्य. शून्य. तीन वाजले, शून्य. साडेतीन, शून्य. तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर धावत आले. ‘‘उपवासाचा बटाट्याचा चिवडा काढायचाय. उद्या एकादशी, दुकानांतून फोनवर फोन येतायत. घाला लगेच.’’

बटाट्याच्या चिवड्याचं फंक्शनच फाईलमध्ये नव्हतं. शेठ घाईने म्हणाले, ‘‘काका, तुम्ही टाका ना पटकन दोन ओळी. मशिन थांबायला नको.’’

काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. ‘‘बटाट्याचा चिवडा मी कधी भरलेला नाय.’’

सगळे कुंदाताईंकडे बघायला लागले. पापडी पडतच होती. त्यांनी एक मूठ चिवडा उचलला, वरून सोडून पाहिला, पुन्हा सोडून पाहिला. ‘‘हा गुंततो हो एकमेकांत. आधी थोडं, मग थांबायचं, मग उरलेलं.’’ आणि एका बोटाने लिहायला बसल्या. टक. टक. टक. मला वाटत होतं, धावत जाऊन त्यांच्या हातातला कीबोर्ड घ्यावा. काकांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली. नाही.

सेव्ह केलं. हॉपरमधली, म्हणजे वरच्या नरसाळ्यातली, पापडी संपली, चालू मशिनवरच ते फडक्याने पुसून चिवडा ओतला आणि स्क्रीनवर त्याचं नाव निवडलं. प्रोग्रॅमने विचारलं, आहे का? होतं. हाक मारली. पहिलं पाकीट पडलं, सहा ग्रॅम जास्त. शेठच्या तोंडून ‘अरे’ निघालं. कुंदाताईंनी ‘‘हं’’ म्हणून एक आकडा बदलला, सेव्ह केलं. दुसरं पाकीट, बरोबर! तिसरं, बरोबर! मशिन एक क्षणही थांबलं नव्हतं. मी चक्क टाळ्या वाजवायला लागले, मग पॅकिंगच्या बायका, मग मॅनेजर. काका तेवढे जागचे हलले नाहीत. खिशातले हात खिशातच, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय ते पुसायलाही बाहेर काढले नाहीत. मग कुंदाताईंना विचारलं, ‘‘मध्ये थांबायचं ते कित्याक? माका सांगा बघू.’’ आणि त्या सांगत होत्या ते शाळेतल्या पोरासारखे ऐकत राहिले.

सहा वाजले. शेठ म्हणाले, ‘‘ठीक आहे काका. राहू दे फाईल.’’

त्यानंतर काही महिन्यांनी काका निवृत्त झाले. आता आमची मशिनं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आहेत आणि प्रत्येक मशिनवर तिथल्याच कुणाच्या तरी हातची फाईल आहे. कुंदाताईंच्या फाईलमध्ये आता चाळीसेक पदार्थ आहेत. चकलीवरून त्यांच्यात आणि बोरिवलीच्या ऑपरेटरमध्ये फोनवर वाद चालतात, मी मध्ये पडत नाही.

काका महिन्यातून एकदा फोन करतात. एक गोष्ट विचारतात. ‘‘आतला काय बदलूक लागला?’’

‘‘नाही काका. तुमच्या प्रोग्रॅमला त्या दिवसानंतर कुणी हातही लावलेला नाही. उघडायचीच गरज पडली नाही.’’

हे ऐकून दर वेळी ते खूष होतात. ‘‘झकास,’’ म्हणतात, आणि ‘‘मिळालं’’ म्हणून फोन ठेवतात. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी फोन ठेवला नाही. 

मग म्हणाले, ‘‘एकदा उघडून बघ गो. कामाक नाय. असोच. बरां लिवलंय मी.’’